पखवाज आमच्यातच हाय

मंगळवार पेठेतल्या बायकांच्या भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या पुष्कळ, पेटीवालीही गल्लीतलीच, पण पखवाज मात्र कायम उसना. विश्वजित नावाच्या पोराला बोलावून आणायचं. त्याला दुसरीकडचं आमंत्रण आलं की त्या दिवशीचं भजन आळणी.

बायडाबाई टाळ वाजवायच्या, पण डोळे असायचे विश्वजितच्या बोटांवर. त्यांचं माहेर बिद्रीचं. वडील देवळात पखवाज वाजवायचे, पण पोरीला त्याला हात लावू दिला नाही. लग्न झालं, सून आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती हौस काही मेली नाही. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस त्या गल्लीतल्या जुन्या पखवाजवाल्या ज्ञानूआण्णांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

आण्णांनी त्यांचे हात उलटसुलट करून बघितले.

"भाकरी थापून ताठ झाल्यात. आता न्हाय वळायचे."

"भाकरी तरी पहिल्या दिशी गोल आलती व्हय, आण्णा?"

आण्णा हसले नाहीत. उद्यापासून ये म्हणाले.

मग महिनोन् महिने नुसता 'धा'. दुपारची भांडी आवरली की आण्णांकडून लावून दिलेला पखवाज घेऊन बाई घरच्या माडीवर जायच्या. त्यांचे मालक पिराजी चौकात सांगत सुटले की आमच्यात रोज भर दुपारी वरात निघतीया. सून निशिगंधा कानात मोबाईलच्या वायरी घालून बसायची. बाईंनी कुणाचंच मनावर घेतलं नाही. देवपूजा चुकवत नाही, तसा हा 'धा' चुकवायचा नाही, एवढंच त्यांचं गणित. अंगात ताप होता त्या दिवशी पडल्या पडल्या मांडीवर वाजवला. हळूहळू ठेके बसले, आणि निशिगंधाच्या कानातल्या वायरी कधी सुटल्या ते तिलाही कळलं नाही.

श्रावणात गल्लीतल्या देवळात भजन होतं आणि ऐनवेळी विश्वजितनं दांडी मारली. मंडळाच्या म्होरक्या चिमणाबाई नाइलाजानं बायडाबाईंना बसा म्हणाल्या. आता पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. ती आजवर आण्णाच लावून द्यायचे. पण कणीक म्हटल्यावर बाईंना कशाचं भ्या! घरी जाऊन चपातीची मळलेली, तेलाचा हात लावलेली मऊसूत कणीक घेऊन आल्या आणि दिली थापून. दुसऱ्या अभंगाला ती घसरली आणि सगळा गोळा त्यांच्या मांडीवर. पखवाज पत्र्याच्या डब्यागत वाजायला लागला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"भजनाला आलाय का चपात्या लाटायला?" चिमणाबाई म्हणाल्या. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात मंडळाची भजनाची पाळी होती. तिथं विश्वजितच वाजवणार, हेही त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाई मान खाली घालून आण्णांकडं गेल्या. त्यांच्या आधी बातमी पोचली होती. कणीक नुसत्या पाण्यात घट्ट मळायची, तेलाचं बोटसुद्धा लागू द्यायचं नाही, हे आण्णांनी करून दाखवलं. मग म्हणाले, "कणीक पडली, पर ठेका पडला न्हाय, असं ऐकलं मी. ती चूक सुधारायला एक दिवस लागतो. ठेका तसा येत न्हाय."

बाईंची मान वर झाली. तिथून त्या घरी गेल्याच नाहीत, थेट चिमणाबाईंच्या उंबऱ्यावर गेल्या.

"आई अंबाबाईच्या पाळीला मी वाजवणार. चुकले तर पुन्यांदा पखवाजाचं नाव काढणार न्हाय."

चिमणाबाई कबूल झाल्या, पण विश्वजितला मागं बसवून ठेवीन म्हणाल्या.

पाळीच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायडाबाईंनी कपाळ जमिनीला टेकवलं आणि पखवाज मांडीवर घेतला. अभंग झाले. गजराला चिमणाबाईंनी लय चढवली, मग आणखी चढवली. ती परीक्षा होती की भक्तीचा भर, ते आई जाणे. एका क्षणी बाईंना वाटलं, आता गेलं. पण हात त्यांना विचारायला थांबले नाहीत. रोजच्या दुपारचा 'धा' त्या हातांत मुरला होता. मागं नुसता बसलेला विश्वजित शेजारणीचे टाळ मागून घेऊन वाजवायला लागला.

भजन संपल्यावर कुरुंदवाडचे एक गृहस्थ आमंत्रण द्यायला पुढं आले. मंडळाचा पखवाज उसना असतो हे ते ऐकून होते, म्हणून पखवाजवाला तुमचा येईल का आम्ही बघू, असं त्यांनी विचारलं.

"कशाला बघताय, पावणं? पखवाज आमच्यातच हाय की," चिमणाबाई म्हणाल्या, आणि बायडाबाईंना न विचारताच त्यांनी दिवस ठरवून टाकला.