गाडी नसलेल्यांचं पार्किंग

नाशिकच्या इंदिरानगरातल्या ज्या गल्लीत भोये राहायचे, तिथे नव्वद सालाच्या सुमारास मुलं भर रस्त्यात क्रिकेट खेळायची. एखादी गाडी आलीच तर खेळ थांबवून तिला वाट द्यायची. पुढच्या काही वर्षांत सगळं उलटं झालं. ज्याच्या त्याच्या घरी मारुती आली, ती फाटकातून आत मावेना म्हणून रस्त्यावर उभी राहिली आणि क्रिकेट गच्चीवर गेलं.

चंद्रभागाबाई भोये यांच्याकडे गाडी नव्हती. नवरा गोरक्षराव सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. त्यांची स्कूटर फाटकातून आत येऊन भिंतीच्या कडेला उभी राहायची, तिला तेवढी जागा पुरायची. उरलेल्या अंगणात गोरक्षरावांची हिरवळ होती.

या हिरवळीवरून घरात कायम थट्टा चालायची. दोघंही पेठकडच्या डोंगरातले. चंद्रभागाबाईंचं लहानपण भाताच्या खाचरातलं गवत उपटण्यात गेलेलं, आणि इथे हा माणूस नर्सरीतून गवत विकत आणून, कात्रीनं कापून, वर त्याला पाणी घालत बसायचा.

"गावाकडं कुणाला सांगू नका," त्या म्हणायच्या. "माझ्या भावाला वाटेल, दाजींचं डोकं फिरलं."

बाई बोलायला मोकळ्या, हाताला सढळ. त्यांना घरात माणसं लागायची. पाहुणा आला की चहा, चहावर पोहे, पोह्यांवर "आता जेवूनच जा." पण अलीकडे त्यांच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली होती. गाडीवाले पाहुणे सोफ्याच्या कडेवर बसायचे आणि किल्ली हातातच ठेवायचे. बाहेर हॉर्न वाजला की त्यांचं बोलणं तुटायचं, मान खिडकीकडे वळायची. निम्मा पाहुणा घरात आणि निम्मा रस्त्यावर, असला पाहुणचार त्यांना मानवत नव्हता.

त्यात एका रविवारी त्यांचा धाकटा भाऊ भिका आला. तो पेठ ते नाशिक जीप चालवायचा. रोज पंचवटीपर्यंत यायचा, पण पॅसेंजर सोडून बहिणीकडे यायला सवड मिळायची नाही. त्या दिवशी मुद्दाम खाडा करून, बायकोला आणि नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला. चंद्रभागाबाईंनी भाकरीसाठी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात बाहेर हॉर्न. पाण्याचा टँकर अडकला होता. भिका उठला, जीप पुढे घेऊन परत आला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो तोच पुन्हा हॉर्न, आता समोरच्या देवऱ्यांना गाडी काढायची होती. तो परत गेला, परत आला. तिसऱ्या वेळी मात्र त्यानं चप्पल घातली ती घातलीच.

"ताई, ऱ्हाऊ दे. निघतो आम्ही."

"अरे, भाकरी तव्यावर हाय."

"डब्यात दे. जीपमंदी बसून खाऊ. हितं लय कटकट हाय."

चंद्रभागाबाईंनी भाकरी आणि उडदाचं वरण डब्यात भरून दिलं. जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी तवा उतरवला आणि पेपर वाचणाऱ्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला अंगणात एका गाडीची जागा पाहिजे."

"आपल्याकडं गाडी कुठंय?"

"पाहुण्यांकडं आहे ना."

गोरक्षरावांनी हिरवळीकडे पाहिलं आणि पेपर तोंडापुढे धरला. बाईंनी हट्ट धरला नाही, पण रोजच्या चहाला जरा जास्तच शांतता असायची. शेवटी एका सकाळी गोरक्षराव गवताला पाणी घालता घालता थांबले.

"गाडी टेकते फक्त चाकांवर," ते म्हणाले. "मग अख्खं अंगण कशाला फोडायचं? चाकांपुरते दोन पट्टे करू सिमेंटचे. मधलं गवत राहील."

चंद्रभागाबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

पेठकडचाच झिपरू मिस्त्री कामाला आला. कंपाउंडची भिंत थोडी तोडली, फाटक रुंद केलं, बाहेरच्या गटारीवर जाड फरशी टाकली. मग पट्टे ओतायची वेळ आली, तेव्हा चंद्रभागाबाई मधे पडल्या. गटारीचं पाणी आत येईल, या धास्तीनं त्यांनी फाटकाकडची बाजू उंच करायला लावली. झिपरूनं एकदा बजावलं, "बघा हां, वहिनी," आणि सांगितलं तसं केलं. सिमेंट वाळल्यावर बाईंनी हौसेनं पट्टे धुतले, तर बादलीभर पाणी सरळ मागे फिरून उंबऱ्याशी आलं आणि सासूबाईंच्या वेळच्या पायपुसण्यात मुरलं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "फोड बाबा, परत कर."

झिपरूची काही तक्रार नव्हती. काम वाढलं तसं या घरातलं जेवणही वाढलं.

गल्लीला वाटलं, भोये गाडी घेताहेत. येता-जाता लोक विचारायचे, "काकू, कोणती बुक केली?"

"आम्ही नाही घेत," त्या सांगायच्या. "तुम्हीच आणा की तुमची."

त्यांनी हे अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि समोरच्या रविराज देवरेंनी ते मनापासून घेतलं. रविराज तिशीतला, विमा कंपनीत नोकरीला. त्याच्या पांढऱ्या झेनला रस्त्यावर दोनदा ओरखडे पडले होते. एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "काकू, आजचा दिवस लावू का आत?" तो आजचा दिवस काही महिने चालला.

गोरक्षराव वैतागले. "भावासाठी जागा केली आणि समोरच्यानं घर केलं. सांग त्याला."

पण घरात आलेल्याला जा म्हणणं चंद्रभागाबाईंच्या जिभेला जमणारं नव्हतं. शिवाय त्यांच्या हिशेबानं ज्याची गाडी आपल्या अंगणात, तो आपला पाहुणा. त्यामुळे रविराज गाडी लावून उतरला की त्या दारात असायच्या. "या, चहा टाकलाय." चहाबरोबर तळलेले नागलीचे पापड. कधी थालीपीठ, कधी वाटीभर खीर. रविराज नको नको म्हणत बसायचा आणि घरी जाऊन बायकोसमोर पुन्हा जेवायचा, कारण हर्षालीही स्वयंपाक करून वाट बघत असायची. दिवाळीपर्यंत त्याच्या कमरेचा पट्टा दोन भोकं सैल झाला. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. ते काकूंना सांगायची त्याची हिंमत होईना.

नव्या वर्षात एक दिवस देवऱ्यांच्या अंगणात वाळू पडली. झिपरूच कामाला होता.

"काकू, तुम्हाला किती त्रास द्यायचा," रविराज म्हणाला. "म्हटलं आपलीही जागा करून घेऊ."

"त्रास कसला?" चंद्रभागाबाईंना खरंच वाईट वाटलं.

गोरक्षरावांनी संध्याकाळी विचारलं, "तू मुद्दाम खाऊ घालत होतीस ना त्याला?"

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही.

मग भिका येऊ लागला. जीप फाटकातून सरळ आत. तो दुपारी जेवून हॉलमध्ये आडवा व्हायचा आणि इतका घोरायचा, की गोरक्षराव उठून बाहेर गवत कापायला जायचे. पट्ट्यांमधल्या गवतावर जीपचं ऑइल ठिबकायचं. तेवढा डाग ते कात्रीनं अलगद कापून टाकायचे आणि मेहुण्याला काही बोलायचे नाहीत.

दोन हजार तीन साली देवऱ्यांकडे मुलीचं बारसं होतं. सकाळी हर्षालीची सासू लंकाबाई आल्या. "सटाण्याहून आमची माणसं येताहेत. दोन गाड्या तुमच्याकडे लावल्या तर चालतील?"

"विचारायचं काय त्यात," चंद्रभागाबाई म्हणाल्या. फाटक त्यांनी तेव्हाच उघडून ठेवलं.

गाड्या आल्या. एक आत शिरली, दुसरी अर्धी आत आणि अर्धी गटारीवरच्या फरशीवर राहिली. माणसं उतरली, तर समोर बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. लांबून आलेली, उन्हानं पोळलेली माणसं. कुणी हेच बारशाचं घर समजून, कुणी पाणी पिऊन निघू म्हणत, सगळी आत जाऊन बसली. चहा झाला, पापड झाले, नव्या तांदळाचा भात शिजत होता. समोर पाळणा सजला, बायका जमल्या, आणि नाव ठेवायला सटाण्याहून आलेली आत्या काही येईना. शेवटी लंकाबाई रस्ता ओलांडून बोलवायला आल्या.

"अहो, मुहूर्त टळतोय, चला लवकर."

"टेका की घटकाभर," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "सकाळपासून उभ्याच दिसताय."

लंकाबाईंचे गुडघे खरंच दुखत होते. त्या टेकल्या. बाईंनी त्यांच्यासमोर ताटली सरकवली आणि आणखी कप आणायला आत गेल्या.