भिंतीवरचं ८०८०

कुठलंही काम अडलं की चाचा आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि मग विचारायचे, "तिथं कोण बसलंय, ते पाह्यलं का?"

जालना जिल्ह्यातल्या आमच्या साखर कारखान्यात ते मूळचे वायरमन. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कागदावर पद वायरमनचं, पण सर्व्हर बिघडला की साहेबांसकट सगळे त्यांनाच हाक मारणार.

मी नवीन होते. उसाच्या ट्रॅक्टरांना नंबर देणारं वेब ॲप्लिकेशन मी बनवलं होतं. ड्रायव्हरनं मोबाइलवर पत्ता टाकायचा, नंबर घ्यायचा. तो पत्ता चाचांनी पेंटरकडून गेटच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतला होता. शेवटी दोन टिंबं आणि ८०८०.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी ॲप्लिकेशन सुरू होईना. ८०८० हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं आत येण्याचं दार, आधीच कुणीतरी अडवलेला. मी घाईघाईत सेटिंगमध्ये ८०८१ केलं. माझ्या टेबलावर पान उघडलं. "चालू झालं," मी साहेबांना ऐटीत कळवलं.

गेटवर मात्र कुणाचंच उघडेना. रांग पार रस्त्याला लागली. साहेबांचा फोन आला, "दहापर्यंत न्हाई झालं तर नंबराला जुनी वही काढतो. मंग तुमचं इथं काय काम?"

मी धावत जाऊन चाचांना बोलावून आणलं. चाचांनी सेटिंग पाहिलं आणि खिडकीतून भिंत दाखवली.

"बेटा, ड्रायव्हर तुझी सेटिंग वाचून राह्यला का भिंत?"

"पेंटरला बोलवू?"

"रंग वाळंपर्यंत ऊस वाळंल. बसलाय त्यालाच उठवू."

शोधलं तर ८०८० धरून बसलेली माझीच आदल्या दिवशीची, बाहेरच्या मोबाइलवर न उघडणारी चाचणीची प्रत निघाली. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून निघून जावं, तशी मी ती चालू ठेवून घरी गेले होते. चाचांनी ती बंद केली, सेटिंग परत ८०८० केलं. गेटवरून आरोळी आली, "उघडलं!"

साहेब आले. "काय झाल्तं?"

"पोर्ट अडकल्ता. सुटला," चाचा म्हणाले. माझं नाव नाही घेतलं.

पुढचे तीन हंगाम ती चूक कधीतरी बाहेर येईल या धास्तीत मी काढले.

यंदा चाचा निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला साहेब माझ्याकडे बघून हसले. "त्याच दिवशी चाचा माझ्याकडं आल्ते. म्हणले, चूक पोरीची हाये, पण ठेवा तिलाच. एवढी घाबरलेली पोर परत चुकणार न्हाई."

म्हणजे साहेबांना सगळं माहीत होतं! तीन वर्षांचं ओझं एका घोटात उतरलं. मी चाचांकडे वळले. भाषणं टाळायला ते अर्धा चहा तसाच ठेवून केव्हाच जाफराबादच्या जीपला निघून गेले होते.