ब्राझीलच्या आधी आईची बोटं

पासपोर्टच्या मशीनवर माझ्या दहा बोटांचे ठसे एका दमात उठले. आईचे उठले नाहीत. त्यानंतर ब्राझीलच्या प्रवासाची आमची सगळी आखणी तिच्या बोटांभोवती फिरत राहिली.

आधी आमंत्रणाचं सांगते. परंडा तालुक्यातल्या आमच्या गावातून दर हंगामाला चाळीसेक माणसं पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. त्यांतल्या बायांची एक छोटी संघटना आहे आणि तिची पत्रकं मी लिहिते. हा नाद घरातलाच. वडिलांना, म्हणजे आबांना, जयंतीच्या मैदानातून पिशवीभर पुस्तिका आणायची सवय होती. पिना मारलेल्या, पिवळट कागदाच्या, बोटाला शाई लागणाऱ्या त्या पुस्तिकांवरच मी वाचायला शिकले. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी 'कमळ' आणि 'बदक'च्या आधी वाचलं. दुकानात साखर मागतानाही माझा आवाज सभेतल्यासारखा चढतो, असं आई म्हणते. त्यात खोटं काही नाही.

पावसाळ्यात ब्राझीलमधल्या ऊसकामगारांचं पत्र आलं. हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, आमच्यातल्या दोघींनी अकरा दिवसांसाठी त्यांच्याकडं, त्यांच्या परिषदेला यावं. एक इंग्रजी बोलणारी आणि दुसरी प्रत्यक्ष तोडणी करणारी. प्रवासाचा भार ते उचलणार होते. समाजमंदिरात बैठक झाली, तेव्हा इंग्रजीसाठी माझं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही, ते ठरलेलंच होतं. तोडणीवाली म्हणून सगळ्यांनी आईकडं बोट केलं. आई लग्न झाल्यापासून कोयता चालवते आणि मुकादमासमोर खाली बघून बोलत नाही.

जायचं ते एका कामासाठी. आमच्या कारखान्यावर ऊस तोडायचं मशीन येणार, अशी बातमी पक्की झाली होती. आत्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, त्या मुलखात मशीन आपल्या आदी आलंय म्हणं. मंग तिथल्या बाया आता काय करत्यात, एवढं इचारून या. बाकी तुमी समुद्र बघा न्हायतर माकडं बघा."

घरी आबांनी माझा शाळेतला नकाशांचा संग्रह काढला. त्यांच्या मणक्याचं दुखणं झाल्यापासून तोडणी बंद आहे. घर, दोन शेळ्या आणि वाचन हेच त्यांचं काम. त्यांनी ब्राझीलवर पंजा ठेवला, मग भारतावर ठेवला आणि म्हणाले, "अडीच भारत बसत्यात ह्याच्यात. कसं बघणार अकरा दिवसांत?"

मी यादी करून बसले होते. मोठ्या शहरातली तीन दिवसांची परिषद, तिथून विमानानं ईशान्येकडचा किनारा, एक जुनं बंदर, एक संग्रहालय, जंगलाचा एक कोपरा, शेवटी जपानी लोकांची वस्ती असलेला भाग. आईला मी तासभर सांगत होते. तिथले मूळ रहिवासी, पोर्तुगीज, आफ्रिकेतून बांधून आणलेले लोक, मागाहून आलेले जपानी, अरब. किती भाषा, किती देव, किती नाच.

आई शेंगा फोडत होती. "बांधून कशाला आणले?"

"उसासाठी."

"मंग सुटल्यावर ती उसातच ऱ्हायली का दुसरीकडं गेली?"

थोडं वाचलेलं होतं ते मी सांगितलं. तिला ते पुरेना.

"ते बघू आपण," आई म्हणाली. "एकच गाव धर, पर नीट धर. आपल्याकडं कुणी आलं आन् सकाळी परंडा, दुपारी धाराशिव, रात्री नागपूर केलं, तर त्याला काय कळंल? एसटीची शिटं."

आबा हसले. मी जंगल खोडलं. जपानी वस्ती मात्र ठेवली.

मग खाण्याचं निघालं. तिथं भात आणि काळा घेवडा रोज असतो, हे कळल्यावर आई निर्धास्त झाली. शेंगाचटणी न्यायचीच, हे तिनं परस्पर ठरवलं. पिवळ्या तापाची लस घ्यायला मुंबईला जावं लागणार होतं. ते ऐकून ती म्हणाली, "ताप त्यांच्याकडं आन् सुई मला."

पासपोर्टसाठी आम्ही सोयाबीनची काढणी आटोपल्याबरोबर धाराशिवला गेलो. चूक तिथंच झाली. काढणीत आईचे हात खरवडून निघाले होते. तळव्याला भेगा होत्या आणि बोटांची टोकं घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. खिडकीपलीकडच्या क्लार्कनं चार बोटं काचेवर ठेवायला सांगितली. पडद्यावर नुसते राखाडी डाग उमटले.

"दाबा, मावशी. अजून दाबा."

आईनं दाबलं. मग पदरानं बोटं पुसली आणि कपाळाला घासली. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा आमच्याकडं सगळ्याच बाया असं करतात. कपाळाचा तेलकटपणा बोटाला लागला की कधीकधी काम होतं. नाकालाही घासून बघितलं. डागच उमटले.

मी बोलायला लागले. ज्या हातांनी या देशाची साखर तयार होते त्या हातांची ओळख या देशाच्या मशीनला पटत नाही, इथपर्यंत आले. रांगेतली माणसं वळून बघत होती. आई माझी ओढणी खाली ओढत होती.

क्लार्कनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मॅडम, भाषण चांगलंय. पण मशीनला ऐकू येत नाही." मग तो आईकडं वळला. "मावशी, दीड महिना हाताला आराम द्या. भांडी नको, राख नको, निरमा नको, खुरपं नको. रात्री खोबरेल तेल लावा. सायबांना सांगून पुढची तारीख देतो."

"आन् कोयता?"

"कोयता तर अजिबात नको."

गावातली तोडणीची टोळी निघायला वीस दिवस उरले होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तोडणीत माणूस एकटा धरत नाहीत. दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. आबा घरी बसल्यापासून आई आणि आत्या मिळून एक कोयता होत्या. आत्या आबांची धाकटी बहीण, नवरा गेलेली. आई गेली नाही तर आत्या अर्धा कोयता ठरणार होती. तिला कुणाच्या तरी मागं मोळ्या वाहायला लावणार, हे उघड होतं.

आत्याला सांगायला आई स्वतः गेली. मी दारात थांबले होते.

"जा की," आत्या म्हणाली. "तुमच्यावाचून ऊस काय रडत बसणार न्हाय."

"वन्सं, रागानं बोलू नका."

"राग कशाचा? इचारायला म्याच सांगितलं ना तुम्हाला. आता बोटं जपा."

दिवाळीनंतर ट्रॅक्टरला ट्रॉल्या लागल्या. भांडी, जळण, कोंबड्या, लेकरं, सगळं चढलं. आई मागच्या ट्रॉलीपाशी उभी राहून सामान वर द्यायला लागली, तर आत्या वरून ओरडली, "ठिवा ते! बोटं झिजतील!" सगळी ट्रॉली हसली. आईही हसली आणि घमेलं खाली ठेवलं.

पुढचे दिवस घर उलटं चाललं. भांडी मी घासायचे, भाकरी आबा थापायचे. त्यांच्या भाकरीला कडा नसायची. आई बाजेवर हात उपडे ठेवून बसायची, कुणाचे तरी सांभाळायला दिलेले असावेत तसे. आठवड्यात कंटाळली. शेळ्यांना पाला टाकायला उठली की मी ओरडायचे. मी तिची नाही, तिच्या बोटांची काळजी घेत होते, हे आठवलं की मला हसू येत नाही. अंगठे उजेडात धरून मी रेघा शोधायचे आणि दोन दिसल्या की खूश व्हायचे.

शेजारणी दारातून जाताना विचारायच्या, "काय राणीसायेब, काय चाललंय?" आई म्हणायची, "राज्य चाललंय."

आत्याचा फोन दर बाजाराच्या दिवशी यायचा. "वैनी, हातावर मेंदी काढली का न्हाय अजून?" एकदा तिनं सांगितलं की मशीन उसाच्या फडात उतरलं. दिवसभराचं काम जेवायच्या आत उरकतं. मागं पडलेली कांडकी वेचायला चार बाया ठेवल्यात, त्यात ती आहे. आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "वाढं कुणाला देत्यात?" उसाचा शेंडा म्हणजे वाढं. ते तोडणाऱ्याच्या वाट्याला येतं, जनावरांना घातलं जातं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तेल आण."

तारखेच्या दिवशी तोच क्लार्क होता. डाव्या हाताची चार बोटं आली. उजव्याचीही आली. अंगठ्यांना तीनदा घ्यावं लागलं, मग तेही उमटले. "दहाच्या दहा," तो म्हणाला. आईनं पडद्याकडं मान लांब करून बघितलं. स्वतःच्या बोटांवरच्या रेघा तिनं एवढ्या मोठ्या कधी बघितल्या नव्हत्या. मी स्टँडवर भजी घेतली, तिनं दोन प्लेट खाल्ल्या.

येडशी मागं पडल्यावर ती म्हणाली, "पासपोर्ट हातात आला की म्या टोळीवर जाणार."

मला वाटलं गंमत करतेय. नव्हती करत.

"आई, डोकं फिरलंय का? तिथल्या विमानतळावर बोटं मागितली तर? दीड महिना आम्ही..."

"मागितली तर बघू."

"पंचवीस हंगाम केलेत तू! अजून किती शाबीत करायचंय? आणि कुणापुढं?"

"बारीक बोल."

मी बारीक बोलले नाही. एका कष्टकरी बाईनं चार महिने विसावा घेतला तर गुन्हा झाला का, असं मी अख्ख्या गाडीला विचारलं. मागून कुणीतरी "न्हाय, न्हाय" म्हणालं. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "ताई, जरा दमानं. ड्रायव्हर दचकतोय."

आईनं बार्शी येईपर्यंत वाट बघितली. मग खिडकीकडं बघतच बोलली. "म्या मशीन बघितलंच न्हाय. फोनवर ऐकलंय. ते फडात कसं फिरतं, मागं काय ऱ्हातं, बायांला काय सांगत्यात, मला ठावं न्हाय. तिथं जाऊन इचारू काय? आन् हे हात घिऊन गेले तर त्या बाया म्हणतील, ही कुणाची मुकादमीण आली."

माझ्याकडं उत्तर होतं, नेहमीच असतं. पण मी ते बोलले नाही. तिला पाठवायचं ते विचारायला, आणि विचारायचं काय ते फडातच कळणार होतं. हे मला पत्रकात लिहिता आलं असतं. स्वतःच्या आईला टोळीवर धाडणं जास्त जड गेलं.

पोलीस चौकशीला आले, शेजाऱ्यांना विचारून गेले. पोस्टमननं पासपोर्ट आईच्याच हातात दिला. तिनं तो आबांच्या पुस्तिकांच्या ट्रंकेत ठेवला आणि तिसऱ्या दिवशी कोयत्याला धार लावून निघाली.

महिन्यानं मी तिथं गेले. मशीन बांधापलीकडं चाललं होतं, त्याचा आवाज जमिनीतून पायाला लागत होता. आई आणि आत्या पाचटात वाकून कांडकी वेचत होत्या. आईच्या बोटांना पुन्हा चिंध्या बांधलेल्या होत्या. दुपारी कोपीत, म्हणजे टोळीच्या पाचटाच्या झोपडीत, बसून तिनं मला प्रश्न लिहायला सांगितले. मशीन आल्यावर तिथल्या बाया आता काय करतात? मशीन चालवायला एकातरी बाईला शिकवलं का? वेचायचं काम कशावर मोजतात, वजनावर का दिवसावर? वाढं कुणाचं? मशीन जिथं शिरत नाही तो तिरका ऊस कुणाच्या वाट्याला येतो? ज्यांना कामच उरलं नाही, त्या कुठल्या गावाला गेल्या, आणि त्या गावात आपल्याला नेता का?

"हे लई झालं," आत्या म्हणाली. "म्या एकच सांगितला होता."

"तुमचा पहिलाच हाय त्यात," आई म्हणाली. मग माझ्या प्रवासाच्या यादीत डोकावून विचारलं, "हे जपान्यांचं किती दिवस लिवलंय?"

"दोन."

"काट. काम गेलेल्या बायांचं गाव घाल."

मी काटलं. खाली 'विमानतळावर आईची बोटं उठली नाहीत तर?' असं लिहिलं आणि त्यापुढची जागा तशीच सोडली.