दर महिन्याचा वाढदिवस

"शनिवारी माझा वाढदिवस आहे. या."

चेन्नईत दोन दिवसांसाठी येणाऱ्या अनोळखी पुरुषांना राव एवढंच उत्तर पाठवत. प्रश्न बहुतेक ठरलेला असे. या शहरात आमच्यासारख्या पुरुषांना संध्याकाळी जाण्याजोगी एखादी जागा आहे का? इंटरनेटवर अशा पुरुषांचा एक गट होता, त्यावर तो विचारला जाई. बंगळुरूहून, कोलंबोहून, एकदा जर्मनीहूनही. राव अंबत्तूरच्या एका ब्राउझिंग सेंटरमध्ये कोपऱ्यातल्या संगणकावर बसत, उत्तर टाइप करत, उघडलेल्या पानांच्या खुणा पुसून टाकत आणि घरी येत.

कुणी लॉजबद्दल विचारलं तर आणखी एक ओळ वाढे. "दोघांत एक खोली घेताना भाऊ आहोत म्हणू नका, चेहरे जुळत नाहीत. एकाच कंपनीचे आहोत म्हणा. कंपनी पैसे वाचवते हे सगळ्यांना पटतं."

राव हे त्यांचं नाव नव्हे. चेन्नईत तंजावरकडच्या सगळ्याच मराठी माणसांना राव म्हणतात. खरं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांची आई अजून त्याच घरात राहते. ते एका कारखान्यात हिशेब पाहत. चाळिशीचे, शिडशिडीत, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ. वडील नव्हते, लग्न केलेलं नव्हतं. मी एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरीला लागलो आणि मराठी बोलणारा भाडेकरू म्हणून त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. घरात तंजावरची जुनी मराठी चाले. आम्ही आहे म्हणतो तिथे ते अहे म्हणत, आणि वाक्याला तमिळ हेल असे. काही महिन्यांनी जिन्यात त्यांनी मला अडवलं. "शनिवारी सुटी अहे का? माझा वाढदिवस अहे." त्यांनी मला कसं ओळखलं ते मी विचारलं नाही. मी गेलो, आणि पुढेही जात राहिलो.

एग्मोर स्टेशनकडे कधी गेला असाल तर तिथल्या लॉजच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. अशाच एका लॉजच्या गच्चीखाली एक छोटा हॉल होता. बारसं, साखरपुडा, निवृत्तीचा निरोप अशा कामांना तो भाड्याने मिळे. तिथे संध्याकाळी सहा ते दहा आम्ही जमत असू. दारू नसे. फिल्टर कॉफी, बोंडा, अननसाचा केसरी म्हणजे शिरा, आणि गुलाबी फुलाचा एगलेस केक. केक कापला की खिडक्या लावून घ्यायच्या, जुन्या तमिळ सिनेमातली गाणी लावायची आणि नाचायचं. मुंबई-दिल्लीहून आलेले पाहुणे हसत. "हीच का तुमची नाइटलाइफ?" राव शांतपणे म्हणत, "हीच. बोंडा घ्या, गरम अहे."

हॉलला एक अट होती. खाली रस्त्यालगतच्या दारात काळी पाटी होती, खाचांत पांढरी प्लास्टिकची इंग्रजी अक्षरं बसवायची. समारंभ कुणाचा आणि कसला, हे तीवर लिहावंच लागे. आमच्यात बँकेतले होते, शाळेत शिकवणारे होते, बायकामुलं असलेलेही होते. कलम ३७७ तेव्हा लागू होतं, कायद्याच्या लेखी आम्ही गुन्हेगार होतो. नुसते पुरुष जमलेत म्हणून कुणी चौकशीला आलं, तर पाटीवर ज्याचं नाव त्याला प्रथम खाली बोलावणार. नाव द्यायला कुणी तयार नव्हतं. राव दर वेळी स्वतःचं देत. पूर्ण नाव, वडिलांच्या आद्याक्षरासकट.

हॉलचा मॅनेजर विभूतीचे पट्टे ओढणारा, मोजकं बोलणारा माणूस होता. लागोपाठ तिसऱ्या महिन्यात त्याने रजिस्टरवरून मान वर केली.

"राव सार्, तुमचा वाढदिवस मागच्या महिन्यात झाला ना?"

"तारखेचा नाही. नक्षत्राचा. माझं अनुषम. ते दर महिन्याला येतं."

अनुषम म्हणजे आपलं अनुराधा. तमिळ घरांत वाढदिवस नक्षत्रावर धरतात हे खरं, आणि नक्षत्र दर महिन्याला फिरून येतं हेही खरं.

"येतं सार्. पण साजरा वर्षातून एकदाच करतात."

"तुमच्यात. आमच्या तंजावरच्या मराठी लोकांत दर महिन्याला करतात. राजाच्या वेळेपासून."

चेन्नईत आमची मराठी माणसं काय करतात आणि काय नाही, हे सांगायला दुसरं कोण येणार होतं? मॅनेजरने रजिस्टर पुढे ओढलं. "राजाच्या वेळेपासून असेल तर विषयच संपला," तो म्हणाला. त्यानंतर रावांच्या नावाची अक्षरं तो मोठ्या ट्रेमध्ये परत टाकीनासा झाला. उदबत्तीच्या एका रिकाम्या डब्यात वेगळी ठेवू लागला. दर महिन्याला शोधत कोण बसणार.

या थापेत एक भाग खरा होता. रावांच्या आई दर महिन्याला अनुषमच्या दिवशी देवळात जात आणि मुलाचं नाव, गोत्र, नक्षत्र सांगून अर्चना करवत. प्रसादाचं केळं संध्याकाळी त्याच्या ताटात येई. राव ते निमूटपणे खात आणि त्याच आठवड्याच्या शनिवारचा हॉल धरत.

नवे पाहुणे वाढदिवस खराच समजून भेटवस्तू आणत. पेनं, पाकिटं, टाय, भिंतीवरची घड्याळं. टाय त्यांनी जन्मात बांधला नाही. या वस्तू पुढे कारखान्यातल्या लोकांच्या लग्नांत आहेर म्हणून जात. कारखान्यात रावांची ख्याती उदार माणूस अशी होती.

भानगड झाली ती एका पुणेकर पाहुण्यामुळे. रावांनी त्याला अडीनडीला घरचा पत्ता दिला होता. तो शनिवारी दुपारी हॉलऐवजी थेट घरी आला, हातात रंगीत कागदात गुंडाळलेला शर्ट. राव केक आणायला गेले होते. दार आईंनी उघडलं. परमुलखात मराठी बोलणारी बाई भेटली म्हणून पुणेकर विरघळला आणि ओसरीवर मांडी घालून बसला. मी जिन्यावरून ऐकत होतो. त्याला थांबवता आलं नाही.

"काकू, मजा आहे हं यांची. दर महिन्याला वाढदिवस!"

"कुणाचा?" आईंनी विचारलं.

रात्री जेवताना त्यांनी मुलाला एकच प्रश्न केला. "तुझा वाढदिवस अहे, आणि मज बोलावलं नाहीस. कशास?" राव काहीतरी पुटपुटले. "पुढल्या वेळी मी येणार," असं म्हणून त्यांनी ताकाचं भांडं पुढे सरकवलं.

त्या महिन्यात राव नीट जेवले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला सांगितलं, "नको म्हणालो तर कशास म्हणून विचारेल. ये म्हणालो तर कशास ते स्वतःच बघेल." आईंच्या लेखी मुलासाठी मुली पाहणं अजून संपलेलं नव्हतं. पत्रिका कुंभकोणमहून येत होत्या. राव त्या नाकारत होते, दर वेळी वेगळं कारण सांगून.

बाकीच्यांचं म्हणणं होतं, या महिन्याचा बेत रद्द करा. आमच्यात एक बँकेतला कॅशियर होता, तो हॉलवर आला की साडी नेसे आणि फार सुंदर नाचे. तो चिडला. "अम्मा येणार म्हणून मी आता साडी सोडून वेष्टी नेसून भजन म्हणू का? महिन्यातले चार तास, राव! चार तास तरी सोडा." कुणी सुचवलं, आईंना केक कापेपर्यंत थांबवू, सात वाजता रिक्षात बसवू, मग काय ते करू. सगळ्यांचं बोलून झाल्यावर राव म्हणाले, "जसे येता तसे या."

आई आल्या त्या पायसमचं, म्हणजे खिरीचं, भांडं घेऊन. निळी सुती साडी, खांद्यावर पदर, चपला दाराबाहेर. हॉलमध्ये भिंतीला लागून आम्ही साखरपुड्याला आलेल्या वऱ्हाडासारखे बसलो होतो. कॅशियर साडी नेसून आला होता. निऱ्या घसरत होत्या आणि तो त्या पुन्हा पुन्हा खोचत होता.

मॅनेजर त्याच वेळी वर आला. वडीलधारी बाई पाहून त्याने हात जोडले आणि सहज विचारलं, "अम्मा, तुमच्यात दर महिन्याला वाढदिवस करतात म्हणे. राव सार् सांगत होते. आम्ही कधी ऐकलं नाही."

तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही माझ्यासारखंच रावांकडे पाहिलं असतं. ते केकच्या सुरीकडे पाहत होते. आईंनी मुलाकडे पाहिलं, मग भिंतीशी बसलेल्या आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. घाई केली नाही.

"करतात," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "जुनी पद्धत आहे. हल्ली कुणी पाळत नाही. आमच्या घरात पाळतात."

मॅनेजर समाधानाने खाली गेला. आईंनी ताम्हनात हळदकुंकवाचं लाल पाणी करून मुलाला ओवाळलं. मग त्या कॅशियरपाशी गेल्या. "इकडे ये रे. निऱ्या अशा खोचतात का?" त्यांनी गुडघ्यावर बसून त्याच्या निऱ्या सारख्या केल्या. पायसम वाढताना प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं, तुझं नक्षत्र कोणतं. कुणाला ठाऊक होतं, कुणाला नव्हतं. त्या दिवशी एक जर्मन पाहुणाही आला होता, त्याची जन्मतारीख आणि वेळ विचारून घेतली आणि घरी जाऊन बघते म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात आई आम्हा दोघांच्या मधे बसल्या. अंबत्तूर आल्यावर त्या म्हणाल्या, "बोंडा तेलकट होता. पुढल्या वेळी मी करून देईन." कुंभकोणमच्या पत्रिका त्यानंतर आल्या नाहीत. रावांनी विचारलं नाही, आईंनी सांगितलं नाही. काय कळलं आणि काय नाही, याची त्या घरात कधीच चर्चा झाली नाही. अनुषमची अर्चना मात्र चालू राहिली, आणि त्या आठवड्याच्या शनिवारी बोंड्यांचा डबा मी उचलून नेऊ लागलो.

राव गेले ते कामावर असताना, दुपारी. छातीत दुखतंय म्हणाले, टेबलावर डोकं ठेवलं आणि उठले नाहीत. अग्नी कुंभकोणमच्या चुलतभावाने दिला. तेराव्या दिवसापर्यंत घरी जी माणसं येत राहिली, त्यांतली बरीच नातेवाइकांच्या ओळखीची नव्हती. "हे कोण?" असं चुलतभावाने विचारलं तेव्हा आई म्हणाल्या, "वाढदिवसाला येणारे."

माणूस जिवंत असतो तोवर त्याचं नक्षत्र धरतात. गेल्यावर नक्षत्र सुटतं, तिथी राहते. त्या घरात आता दर महिन्याला मासिक श्राद्धाची तिथी येऊ लागली. अनुषमला आई देवळात जाईनाशा झाल्या. त्या दिवशी केळ्याचा प्रसाद येत नसे, एवढंच मला वरून कळे.

हॉलही थांबला. दोनदा आम्ही एका उडुपी हॉटेलात भेटलो आणि ज्याचं त्याने बिल देऊन उठलो. पाटीवर नाव कुणाचं, हा प्रश्न निघाला की जो तो दुसऱ्याकडे पाही. गटावर बाहेरगावचे लोक अजून विचारत. चेन्नईत जागा आहे का? एकाने लिहिलं होतं, तिथे कुणाचा तरी वाढदिवस असतो असं ऐकलं होतं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या आठवड्यात आईंनी मला खालून हाक मारली. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या, पुढ्यात पंचांग.

"शनिवारी तुम्ही सगळे कुठं जाता आता?"

"कुठेच नाही."

"कशास?"

मी पाटीची अट सांगितली. पाटीवर नाव लागतं, आणि ते द्यायला कुणी तयार नाही, हेही सांगितलं. त्यांनी हे नीट ऐकलं. तोपर्यंत त्यांना हे माहीत नव्हतं, असं मला वाटलं.

"तो दर वेळी स्वतःचं द्यायचा?"

"दर वेळी."

त्यांनी पंचांगाचं पान उलटलं. "माझं नक्षत्र मघा. गुरुवारी अहे. शनिवारचा हॉल धर, माझं नाव दे."

"तुमचा खरा वाढदिवस या महिन्यात आहे का?" मी विचारलं.

"आमच्यात दर महिन्याला करतात," त्या म्हणाल्या.

शनिवारी आम्ही लवकर पोचलो. मॅनेजर पाटीपाशी उकिडवा बसून अक्षरं बसवत होता. आईंच्या नावात A पुन्हा पुन्हा येतो. ट्रेमधले A संपले. तो उठला, काउंटरखालून उदबत्तीचा डबा काढला, त्यातले दोन घेतले आणि जागा भरली.

आईंना इंग्रजी वाचता येत नाही. पायसमचं भांडं हातात धरून त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या.

"ही दोन पिवळट का दिसतात?"

"जुनी आहेत, अम्मा," मॅनेजर म्हणाला. "राव सार् यांची."

त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं. पाटीजवळ गेल्या, पदराच्या टोकाने ती दोन अक्षरं पुसली, बाकीच्यांना हात लावला नाही. मग कठड्याला धरून जिना चढू लागल्या. वर कुणीतरी खिडक्या लावून घेत होतं.