बंद नाट्यगृहाचे दिवे

ते न फोडलेलं कुलूप माझ्या अजून लक्षात आहे. जालना जिल्ह्यात मी पोलीस निरीक्षक होतो. शहराचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. पालिकेच्या नाट्यगृहातले रंगमंचाचे दिवे चोरीला गेल्याची फिर्याद आली. दुरुस्तीच्या निधीची वाट बघत नाट्यगृह बंद पडलेलं. दाराचं कुलूप शाबूत आणि चावी चौकीदार चाचांकडे. निवृत्तीला टेकलेला माणूस, पण निलंबनाचा आदेश तयार होता. आम्ही अटक करायचीच खोटी होती.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. खुर्च्यांवर बोटभर धूळ, रंगमंच मात्र झाडून लख्ख. चोर काही केर काढून जात नाही.

ठाण्यात चाचांना विचारलं, "आत कोण येतं?"

"चावी माझ्याकडंच हाय साब. काय लिहायचं ते बराबर लिहून घ्या."

चहा पाजला, दरडावलं, उपयोग शून्य. संशयित सहसा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हे गृहस्थ सगळं अंगावर ओढून घेत होते, त्याचंच मला कुतूहल वाटलं.

तेवढ्यात नाट्यगृहासमोरच्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, दुपारच्याला त्या बंद हॉलातून बाईच्या रडण्याचा आवाज येऊन राह्यला."

त्याच दुपारी आम्ही आत घुसलो. शिकवण्या घेणाऱ्या एक ताई रंगमंचावर धाय मोकलून रडत होत्या आणि दोघे जण मोबाइलचा उजेड त्यांच्या तोंडावर धरून उभे होते. नाटकाची तालीम चालली होती!

"दुसरी चावी चाचांनी दिल्ती," ताई घाबरत म्हणाल्या. "दिवे काढायला वायरमन आल्ता. आम्हाला वाटलं, दुरुस्ती सुरू झाली. आम्हीच दार उघडलं, चहा पाजला त्याला."

वायरमन टेंभुर्णीचा, पालिकेचाच नोकर. "चौकातल्या कारंज्याला लावले ना साहेब. वरून तोंडी ऑर्डर आल्ती. सुशोभीकरणाच्या निधीत कारंजं बसलं, दिवे बसले न्हाईत. हॉल तर बंदच हाय म्हणले, मंग काढून आणले."

म्हणजे पालिकेच्या एका खात्याने दिवे नेले आणि दुसऱ्याने फिर्याद दिली. दोन्ही खाती एकाच मजल्यावर! गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून मी न्यायालयात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल पाठवला. चाचांचं निलंबन टळलं.

जाताना त्यांना विचारलं, "नाटकवाल्यांचं नाव का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, त्यांनीच नेल्या लाइटा."

"चोर समजूनही वाचवलं?"

"साब, बंद हॉलात तेवढेच लोक येऊन राह्यले होते. त्यांनाच पकडून दिलं असतं, तर मंग मी राखण कशाची केली असती?"

फिर्याद कोणाची, हे आम्ही पोलीस आधी बघतो. गेलेली वस्तू वापरत कोण होतं, हे मी त्या दिवसापासून विचारू लागलो.

पालिकेने मात्र विनापरवाना वापर म्हणून नाट्यगृहाचं कुलूप बदललं आणि चाचांची बदली कारंज्यावर केली, दिव्यांच्या राखणीला. मला फार वाईट वाटलं.

पुढे एका संध्याकाळी त्या चौकातून जाताना गर्दी दिसली. जीप थांबवली. कारंज्याच्या कठड्यावर, त्याच लाल-निळ्या दिव्यांत, ताई रडत होत्या. रिक्षावाले, भाजीवाल्या, पोरंबाळं गप्प उभी होती. आणि चाचा काठी आडवी धरून दबक्या आवाजात सांगत होते, "ओ पुढचे, खाली बसा बरं. मागच्या लोकायला दिसून न्हाई राह्यलं."