पायली कोणाची?

मंडळी, आज भंडाऱ्यात बँकेत गेलो, तर एका टायवाल्या साहेबानं मले दारातच धरलं. "काका, कोणतं क्रेडिट कार्ड देऊ? पेट्रोलचं, खरेदीचं की प्रवासाचं? सोबत बॅग फ्री!"

एवढी माया पाहून मले संशयच आला.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या सानगडीत एक भांडेवाला पाणी भरायचे पितळेचे गुंड घेऊन आला होता. नगद द्या, नाहीतर जुन्या भांड्यांची मोड द्या, नाहीतर गुंड आज घ्या अन् धान निघाल्यावर धान द्या. उधारीवर घेतला तर पेला फुकट! बाबा उधारीवर लगेच राजी झाले. त्या पेल्यानं पाणीसुद्धा पिऊन मोकळे.

मायनं विचारलं, "भाऊ, धान कोणाच्या पायलीनं मोजून घ्याल?"

"माह्या पायलीनं, वहिनी."

"शीग लावून का सपाट?"

भांडेवाला हसला. "ते तवा पाहू ना."

"मंग गुंडही तवाच पाहू," म्हणत मायनं गुंड त्याच्या पुढ्यात ठेवला. बाबांच्या हातातला पेलाही घेतला, घासून-पुसून परत केला.

आज मीही विचारलं, "साहेब, भरायले उशीर झाला तर व्याज किती?"

"काका, ते नंतर मेसेजवर येईल."

कार्ड घेतलं नाही. पण बॅग घेऊन आलो, अन् तिच्यासाठी माझा मोबाईल नंबर लिहून देऊन आलो.

तेव्हापासून फोन वाजूनच राहिला आहे. काय करू, उचलू का?