बाळारामच्या पायाचं माप

बाळाराम भर रस्त्यात खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला, तेव्हा मी मागच्या जीपमध्ये आमचे मॅनेजर देसाईसाहेब यांच्या शेजारी बसलो होतो. ठाण्यातली शर्यत होती. निम्मं अंतर संपलं होतं आणि बाळाराम तिसरा होता. त्याने दोन्ही बूट काढले, नाड्यांना गाठ मारून गळ्यात अडकवले आणि अनवाणी पळत सुटला. पायात बूट असताना तिसरा असलेला माणूस गळ्यात बूट घालून दुसरा आला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो छापून आला. छातीवर एक बूट डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींवर आमच्या कंपनीचं नाव अगदी स्वच्छ वाचता येत होतं.

"शत्रूने ठरवून केली असती तरी इतकी वाईट जाहिरात झाली नसती," देसाईसाहेब म्हणाले.

ते बूट मी बनवले होते. मी त्या कंपनीत लास्ट बनवायचो. लास्ट म्हणजे लाकडाचा पाय. बूट माणसाच्या पायावर बनत नाही, या लाकडी पायावर बनतो. त्यावर कॅनव्हास ताणून बसवायचा, खाली रबरी सोल चिकटवायचा आणि मग लास्ट ओढून बाहेर काढायचा. लास्ट चुकला की बूट चुकला. मग वरून त्याला कितीही नटवा, पाय बोंबलणारच.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. 'स्पॉन्सर' हा शब्द आमच्या ऑफिसात देसाईसाहेबांनी नुकताच आणला होता. परदेशी मासिकांत लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या पायात कंपन्यांचे बूट दिसायचे, आणि साहेबांना तसं इथे करायचं होतं. पण तेव्हा नियम कडक होते. धावपटू हौशी असला पाहिजे. कंपनीकडून पैसे घेतले की तो धंदेवाईक ठरायचा आणि स्पर्धेतून बाद व्हायचा. म्हणून कंपन्या एकच गोष्ट द्यायच्या, कायम नोकरी. त्याने नोकरी करायची, सकाळ-संध्याकाळ सराव करायचा आणि शर्यतीत कंपनीचे बूट घालायचे.

बाळाराम कोन गावचा. वय बावीस. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात बदली कामगार होता. त्याला पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा लूमच्या खडखडाटात तिथला मुकादम माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, "बदलीवाला है, साब. कोई नहीं आया, तो इसकी ड्यूटी." म्हणजे हा रोज सकाळी कोनहून भिवंडीला पळत यायचा, दारात उभा राहायचा, काम मिळालं तर बारा तास लूमवर उभा, नाही मिळालं तर तसाच पळत घरी. सराव म्हणाल तर एवढाच. कायम नोकरी म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

फोटो छापून आल्यावर देसाईसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सहा आठवड्यांनी भिवंडीला शर्यत आहे. भिवंडीहून कल्याणच्या खाडीपुलापर्यंत आणि परत. मी चेअरमनसाहेबांना शेवटचा चान्स मागून घेतलाय. बूट पायात ठेवून पहिल्या तिघांत आला, तर अपॉइंटमेंट लेटर. बूट काढले तर विषय संपला. त्याचाही आणि स्पॉन्सरचाही."

"साहेब, बुटात काही चूक नाही," मी म्हणालो. "तीनदा माप घेतलंय. तिन्ही वेळा एकच आलं."

हे मी फार ताठ्यात म्हणालो होतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याच आठवड्यात चौथ्यांदा माप घ्यायला कोनला गेलो. बाळारामच्या घरी ओटीवर शेजाऱ्यांकडून आणलेली खुर्ची तयारच होती. तो खुर्चीवर बसायचा, मी त्याच्या पायाशी मांडी घालून बसायचो. पायाखाली कागद ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, मग चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती टेप गुंडाळायची. मग उभं करून पुन्हा तेच, कारण अंगाचा भार आला की पाय पसरतो. त्याचा पाय मात्र पसरतच नव्हता. लुकडा, निमुळता, एखाद्या कारकुनाचा असावा तसा. आणि त्याच पायाला प्रत्येक बुटात करंगळीपाशी टरारून फोड यायचे.

"बाळाराम, खरं सांग. बूट कुठे चावतो?"

तो खाली मान घालून म्हणाला, "बूट चांगलं हायेत, साहेब. माजा पायच खराब हाय."

मला ते ऐकून बरं वाटलं, याची आजही लाज वाटते.

टेप गुंडाळून मी उठलो. बाळारामची आई अंगण सारवत होती. बोलता बोलता तिने मला नातवंडं किती म्हणून विचारलं. माझं वय तेव्हा अडतीस, थोरली मुलगी तिसरीत. पण केस तिशीतच पांढरे झाले होते, त्यामुळे दोष तिचा नव्हता. मी हसून उत्तर देणार, तेवढ्यात बाळाराम माझी पिशवी उचलायला म्हणून धावला तो थेट ओल्या सारवणावरून.

"अरं, आंधला हायस काय?" आई ओरडली. "आताच सारवलंय न्हाय काय?"

सारवणात पाऊल उमटलं होतं. मी ते बघितलं आणि बघतच राहिलो. पाचही बोटं सुटी, अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे, मधे चवडा पंख्यासारखा पसरलेला. मी पिशवीतून मघाचा कागद काढला, पेन्सिलीच्या रेघेवर कापला आणि त्या ठशावर ठेवला. कागदाच्या बाहेर दोन्ही बाजूंनी जवळजवळ बोटभर पाऊल शिल्लक होतं.

"हे पाऊल कुणाचं?" मी वेड्यासारखं विचारलं.

"त्याचंच की," आई म्हणाली. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून तिला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "साहेब, तुमी पायाशी बसलाव की तो पाय आकसून घेतं. बोटां अशी मुठीसारखी. मी रोज बगतंय. तुमच्यासारख्या मोट्या मानसानं पायाला हात लावल्यावर कोन पाय मोकला सोडंल?"

बाळाराम जमिनीकडे बघत उभा होता.

"तू सांगितलं का नाहीस?"

"कसा सांगू? तुमी खाली बसतंव, मना वरती बसवतंव. पाप लागल मना. उभा केलाव तवा मी दुसऱ्या पायावर जोर द्यायचो, म्हंजे तुमच्या हातावर पाय नको पडाया."

वीस वर्षं मी मापं घेत होतो. शहरातल्या साहेबांनी माझ्यापुढे पाय कसे फेकले होते ते मला माहीत होतं, आणि सगळे पाय तसेच येतात असं मी धरून चाललो होतो. एक पोरगा माझ्या पांढऱ्या केसांना मान देत होता आणि त्यापायी स्वतःची नोकरी घालवत होता. मला स्वतःचा इतका राग आला, की मी त्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि तो कागद फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी प्लॅस्टरची गोणी घेऊन परत कोनला गेलो. हात लावायचाच नाही, असं ठरवलं. खाडीच्या बाजूला शेताच्या कडेने चांगला घट्ट चिखल होता. बाळारामला म्हटलं, "शर्यतीत पळतोस तसा या चिखलातून पळ. मी लांब उभा राहतो." तो पळाला. मग मी चांगले उमटलेले ठसे निवडले, घमेल्यात प्लॅस्टर कालवलं आणि ठशांत ओतलं. बघायला अर्धा गाव जमला होता. एका म्हाताऱ्याने विचारलं, "गनपती करताव काय?" मी म्हटलं, "पायांपासून सुरुवात केलीय." अर्ध्या तासाने प्लॅस्टर सुकून पावलं बाहेर निघाली, तेव्हा ती मी लहान मूल उचलावं तशी उचलली.

देसाईसाहेबांनी ती टेबलावर बघितली आणि कपाळाला हात लावला.

"एका माणसासाठी नवीन लास्ट? आपण कारखाना चालवतो, शिंप्याचं दुकान नाही."

"साहेब, आपले लास्ट लहानपणापासून बूट घालणाऱ्यांच्या पायावरून आलेत. हा पाय बांधावर वाढलाय. आपलं अर्धं गिऱ्हाईक असंच वाढलंय. ते दुकानात एक नंबर मोठा बूट मागतात. नंबर म्हणजे लांबी. त्यांना लांबी नकोय, रुंदी हवीय."

साहेबांनी एक पाऊल हातात घेऊन बघितलं. "पाच आठवडे आहेत," एवढंच म्हणाले. मी त्याला होकार समजलो आणि त्यांनी नकार द्यायच्या आत बाहेर पडलो.

लास्ट मी स्वतः तासला. एकदा चुकला, फेकून दिला, दुसरा केला. बूट तयार झाले तेव्हा दिसायला बदकाच्या पायासारखे होते. बाळारामने ते घातले, ओटीवरून अंगणात उडी मारली, कोनच्या रस्त्याला लागला आणि अर्धा तास परतच आला नाही. मी आणि त्याची आई वाट बघत बसलो. तो आला तो हसत आला. पायाला फोड नव्हता.

शर्यतीच्या सकाळी भिवंडीत शिफ्ट सुटायची वेळ होती. अंगावर कापसाचे तंतू घेऊन लूमवाले रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. जाताना बाळाराम पाचवा होता. पुलावरून वळताना चौथा. परतीला कोन गावात शिरताना दुसरा. आणि गाव मागे पडल्यावर तो अचानक थांबला, खाली वाकला आणि त्याचा हात बुटाकडे गेला.

"काढतोय," जीपमध्ये शेजारी बसलेले देसाईसाहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी मात्र बघत होतो. बाळारामने सुटलेली नाडी बांधली, वरून एक गाठ मारली आणि उठला. तेवढ्यात एकजण त्याच्यापुढे निघून गेला होता.

"साहेब, डोळे उघडा," मी म्हणालो. "बूट पायातच आहेत."

पुढचं मी जीपमध्ये उभा राहून बघितलं. त्याने तिसऱ्याचा दुसरा केला, आणि भिवंडीची वस्ती सुरू झाली तिथे पहिल्याला गाठलं. लूमवाले ओरडत होते, "बदलीवाला आया, बदलीवाला आया." तो मुकादम तर रस्त्यात उतरून त्याच्या शेजारून पळत होता, लुंगी हातात धरून. बाळाराम पहिला आला, चांगला पन्नास पावलांनी. मी जीपमधून उतरलो आणि माझ्या वयाला आणि केसांना अजिबात न शोभेल असा नाचलो. देसाईसाहेबांनी मला बघितलं, पण त्याबद्दल पुढे कधी शब्द काढला नाही, कारण तेही नाचत होते.

अपॉइंटमेंट लेटर चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिलं. बाळारामच्या आईने ते वाचता येत नसताना उलटसुलट करून दोनदा बघितलं. पुढच्या वर्षी त्याच लास्टवरून आम्ही रुंद बूट बाजारात आणले आणि ते जुन्या बुटांपेक्षा जास्त खपले. 'रुंद' हा शब्द मात्र साहेबांनी डब्यावर छापू दिला नाही. त्यांनी 'कम्फर्ट' छापलं.

बाळारामला माझ्याच डिपार्टमेंटला दिलं होतं. काही महिन्यांनी कंपनीने आणखी एक धावपटू घेतला, वळ गावचा, लाजाळू. मी कागद, पेन्सिल आणि टेप घेऊन त्याच्या पायाशी बसणार, तोच बाळारामने माझ्या हातातली टेप हळूच काढून घेतली.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी जरा बाहेर जाव."

मी बाहेर जाऊन चहा प्यायलो. माप पहिल्याच खेपेला बरोबर आलं.